सीलिंग, सरकी आणि कांताबाई

आमच्या घरात दोन पेन्शनी आहेत. दोन्ही अजून सुरू व्हायच्या आहेत, त्यांच्यावरून भांडणं मात्र दहा वर्षांपासून सुरू झाली आहेत.

पहिली आमच्या मास्तरांची. मास्तर म्हणजे माझे यजमान. ते मूळचे अमरावतीचे, म्हणजे आपण अकोलेकरांपेक्षा जरा सुधारलेले आहोत असा त्यांचा समज. अनुदानित शाळेत गणित शिकवतात आणि जुन्या पेन्शनीचं दार बंद व्हायच्या आधी आत शिरलेले आहेत. निवृत्त झाले की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे पैसे, वर महागाई भत्ता. दुसरी पेन्शन माझी. मी अकोल्यातल्या एका सरकीच्या तेलगिरणीत टाइम ऑफिस सांभाळते. सव्वीस वर्षं झाली, चार राहिलीत. माझी पेन्शन पाच हजारांच्या अलीकडेच कुठंतरी बसणार आहे. मास्तर पाहुण्यांना सांगतात, "माझ्या पेन्शनीला सुटे लागले तर हिची आहे."

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, नोकरीतला एखादा थरारक अनुभव लिहा. आता टाइम ऑफिसमध्ये थरार कुठून आणायचा? कामगारांची हजेरी, रजा, पगारपत्रक, पीएफ, कुणाचं लग्न जमलं तर पगाराचा दाखला. हजेरीचं यंत्र बोटाचा ठसा घेईनासं झालं, की सरकीच्या धुळीनं ठसेच पुसले गेलेली माणसं माझ्या खिडकीशी ओळीनं उभी राहून, "मॅडम, मी मीच हाव, लिहून घ्या," म्हणतात. थरार एवढाच. तरी आठवत बसले, तेव्हा लक्षात आलं की माझ्या हातून एकदा एक बाईच नाहीशी झाली होती. आणि ती सापडली ती एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे. तो शब्द म्हणजे सीलिंग.

आधी धंद्याची भाषा थोडी समजावून सांगते, म्हणजे पुढं अडखळायला नको. आमच्यासारख्या खाजगी कामगारांची पेन्शन काढायची रीत अशी: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. सत्तरच का, हे आमच्या मास्तरांनी मला शंभरदा विचारलं आहे. मला माहीत नाही. मात्र यातला ‘पगार’ म्हणजे तुम्ही घरी नेता तो पगार नव्हे. तो धरायचा फक्त पंधरा हजारांपर्यंत. तुमचा पगार अठ्ठावीस हजार असो की अठ्ठेचाळीस, पेन्शनीच्या हिशेबात तुम्ही पंधरा हजारवालेच. काही वर्षांपूर्वी ही मर्यादा साडेसहा हजार होती, आणि त्या काळातल्या नोकरीला अजून तेच साडेसहा धरतात. या मर्यादेला आम्ही ऑफिसात म्हणतो सीलिंग. ती वाढणार, असं मोबाइलवर दर आठवड्याला येतं. तो मेसेज घेऊन दर सोमवारी चार माणसं खिडकीशी येतात आणि मी दर सोमवारी म्हणते, "आलं की मीच पेढे वाटीन."

तर गुलाबभाऊ. तेल काढायच्या एक्सपेलर यंत्रावर पंचवीस वर्षं काढलेला उंच, तेलकट माणूस. गाव मूर्तिजापूरकडचं. निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "ताई, माहा पगार अठ्ठावीस. म्हंजे पेन्शन चौदा धरून चालू ना?"

त्यांना हा निम्म्याचा हिशेब त्यांच्या शिक्षक जावयानं शिकवला होता. शिक्षकांनी महाराष्ट्रात ज्ञानदान केलं त्याबरोबर हेही पसरवलं.

"चौदा नाही हो भाऊ. चार हजारांच्या आसपास."

"कटून?"

"कटून नाही. एकूणच. पंधरा हजारांवर सीलिंग आहे."

गुलाबभाऊ एकदम मागं सरकले. "सीलिंग? पगाराले बी सीलिंग लागलं?"

"लागलं म्हणजे, पहिल्यापासूनच आहे."

"आमच्या आज्याच्या जमिनीले लागलं, आता माह्या पगाराले लागलं. आमच्याच खानदानाच्या मांगं कावून लागून राहिलं बापा हे?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "तुमचं खानदान मोठं म्हनून. आमच्याकडं सीलिंग येत नाई, आमच्याकडं सीलिंगचं वाटप येते."

हे दादाराव. बॉयलरवर काम करतात. गुलाबभाऊंच्याच गावचे, त्यांच्याच बरोबरीचे, पंचवीस वर्षांपासून दोघं एकाच एसटीनं येतात आणि एकत्र डबा खातात. या दोघांच्या दोस्तीत एक चार एकराचा तुकडा आहे. शेतजमिनीच्या सीलिंगचा, म्हणजे ठरावीक एकरांच्या वरची जमीन सरकारनं काढून घ्यायचा, कायदा आला तेव्हा गुलाबभाऊंच्या आजोबांनी जमीन वाचवायला घरातल्या सगळ्यांच्या नावांनी वाटून टाकली. भावांच्या, बायकांच्या, पाळण्यातल्या पोरांच्या. एक तुकडा तर पोटातल्या बाळाच्या नावानं, मुलगीच होणार असं ठरवून, सरस्वती नावानं लिहिला. झाला मुलगा. ते गुलाबभाऊंचे काका. सातबाऱ्यावर ते अजून सरस्वतीबाई आहेत आणि पीकविमा काढायला गेले की दरवर्षी रडकुंडीला येतात. एवढं करूनही काही जमीन सरकारजमा झाली. ती भूमिहीनांना वाटली, आणि त्यातली चार एकर दादारावांच्या वडिलांना मिळाली. तेव्हापासून गुलाबभाऊ डबा खाताना विचारतात, "काय मंग, आमच्या चार एकरातली तूर कशीक हाय?" आणि दादाराव सांगतात, "तुमच्या नाई, माह्या. बम हाय. पाह्याले येजा, तिकीट लावीन." बम म्हणजे आमच्याकडं झकास.

आता दादाराव खिडकीत वाकले. "मॅडम, एक इचारू? सीलिंगच्या वरची जमीन निघाली, ते सरकारनं वाटली. बरोबर? आता या गुलाबच्या पगारातले पंधराच्या वरचे तेरा हजार निघाले. ते कोनाले वाटले?"

"कुणालाच नाही वाटले."

"नाई, माहा नंबर कितवा हाय, एवढंच सांगा."

मी दोघांना समजावलं. मालक दर महिन्याला जो पीएफ भरतो, त्याचा एक भाग पेन्शनीच्या फंडात जातो. तो भाग पंधरा हजारांवरच मोजतात. वरच्या तेरा हजारांवरचा मालकाचा वाटा वाया जात नाही, तो कामगाराच्याच पीएफमध्ये जमा होतो. निवृत्त होताना एकरकमी मिळतो.

"म्हंजे यानं वरचं सरकवलं," दादाराव म्हणाले.

"सरकवलं नाही हो, नियमच तसा आहे."

"याच्या आज्यानं बी नियमातच सरकवलं होतं."

मी हसले आणि विसरून गेले. गुलाबभाऊ मात्र हसले नाहीत. ते विचार करत गेले. वऱ्हाडातला माणूस विचार करत गेला की समजावं, अर्ज येणार.

चौथ्या दिवशी अर्ज आला. सुवाच्य अक्षरात, बहुधा जावयाच्या. तो माझ्याकडं अजून आहे.

"विषय: पगाराची खातेफोड करण्याबाबत. महोदय, माझा मासिक पगार रुपये अठ्ठावीस हजार असून पेन्शनीच्या सीलिंगप्रमाणे त्यातील तेरा हजार वरचे निघतात. तरी सदर तेरा हजार माझी पत्नी सौ. शांताबाई हिच्या नावे लावून तिचे वेगळे खाते पाडण्यात यावे, जेणेकरून दोघेही सीलिंगच्या आत राहतील. सोबत पत्नीचे दोन फोटो व आधार कार्डाची प्रत जोडली आहे. कामाला मीच येईन."

शेवटचं वाक्य वाचून मी पाणी प्यायले. मग अर्ज मॅनेजरसाहेबांकडं नेला. साहेब राजस्थानकडचे, मराठी वाचतात पण शब्दाशब्दाला थांबून. त्यांनी दोनदा वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, ये खातेफोड क्या होता है? लेबर लॉ में है क्या?"

"नाही साहेब. तलाठ्याकडं असतं."

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ खुद्द शांताबाईंना घेऊन आले. सही लागली तर हजर असावी म्हणून. ठेंगणी, सावळी बाई, पदर डोक्यावर, काखेत प्लास्टिकची पिशवी. मी दोघांना बसवलं आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की पगार जमिनीसारखा वाटता येत नाही. जो काम करतो त्याच्याच नावानं तो लागतो.

गुलाबभाऊ उसासून म्हणाले, "सरस्वतीच्या नावानं तं लागला असता."

शांताबाईंनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "ताई, यायच्या तेरा हजाराचं राहू द्या. जो काम करते त्याच्याच नावानं लागते, असं म्हन्लं ना तुमी? मंग माहं सांगा."

"तुमचं काय?"

"मी बी इथं अकरा वर्सं काम केलं. सरकीच्या गोदामात, ठेकेदाराकडून. माह्या बी पगारातून पीएफ कटे."

मी त्यांच्याकडं नीट पाहिलं, आणि खरं सांगते, मला ओळख पटली नाही. गोदामातल्या बायका तोंडाला फडकं बांधून काम करायच्या. रुईच्या तंतूंनी भुवया पांढऱ्या झालेल्या, फक्त डोळे दिसायचे. अकरा वर्षं ही बाई माझ्या खिडकीवरून रोज दोनदा गेली असणार आणि मी तिचे डोळेसुद्धा कधी पाहिले नव्हते.

"आता अकरा वर्सं झाले, कोन्तं सीलिंग लागते ते तुमी पाहा," त्या म्हणाल्या.

सीलिंगचा प्रश्नच नव्हता. पेन्शनीला दुसऱ्या बाजूनंही एक मर्यादा आहे. वर छप्पर असतं तसा खाली उंबरठा: दहा वर्षं. साडेनऊ भरली तरी दहा धरतात. त्याच्या आत असाल तर पेन्शन नाही, एकदाच थोडी रक्कम घ्यायची आणि मोकळं व्हायचं. दहा भरली की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत दरमहा. शांताबाईंचा पगार तेव्हा फार नव्हता, तरी कमीत कमी हजार रुपये महिना तर ठरलेलाच. वयाचा प्रश्न आधार कार्डानं सोडवला होता. त्यावर दोघांचाही वाढदिवस एक जानेवारी, आणि शांताबाई गुलाबभाऊंपेक्षा एक वर्षानं मोठ्या.

"हे चुकीचं हाय," गुलाबभाऊ म्हणाले.

"राहू द्या आता," शांताबाई म्हणाल्या.

मी कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडलं. नाव बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर. एकूण नोकरी: नऊ वर्षं एक महिना.

उंबरठ्याच्या पाच महिने अलीकडं.

"असं कसं? माहा धाकटा पयलीत गेला तवा लागली आनं थो बारावीत गेला तवा सोडलं. मोजा तुमी."

"कॉम्प्युटरवर नऊच दिसताहेत, मावशी."

"मंग माहा पोरगा कोन्त्या दोन वर्गात गेलाच नाई, ते कॉम्प्युटरले इचारा."

मी म्हटलं, जुनी कागदं पाहते. ठेकेदार वारला होता, त्याच्या मुलानं धंदा बदलून मंगल कार्यालय काढलं होतं. पण ठेकेदार आपल्या बायकांची जी यादी पीएफसाठी द्यायचा, तिची एक प्रत आमच्या कपाटात असायची. दुपारी ती सापडली. पहिल्या वर्षाची यादी, सोळा नावं. अकराव्या क्रमांकावर शांताबाई नव्हती. कांताबाई होती. कांताबाई गुलाबराव, आणि पुढं त्यांचंच आडनाव. पुढं बावीस महिने ही कांताबाई पीएफ भरत होती. मग ठेका नव्यानं झाला, मतदान ओळखपत्रांच्या प्रती घेतल्या गेल्या, आणि कांताबाई गायब होऊन तिच्या जागी शांताबाई नवीन म्हणून रुजू झाली.

यादीचं अक्षर ओळखीचं होतं. ‘क’ला जरा जास्त पोट देण्याची सवय. माझंच.

सगळं आठवलं. ठेकेदाराला लिहिण्याचा कंटाळा. तो दारात उभा राहून नावं ओरडत होता, मागं एक्सपेलर धडधडत होते, आणि मी लिहीत होते. वर शिष्टपणे म्हणालेसुद्धा होते, "पटापट सांगा हो, मला घरी दिवाळीचे अनरसे करायचे आहेत." ते अनरसेही तुपात विरघळले होते, हे मास्तर अजून सांगतात.

संध्याकाळी जेवताना मी मास्तरांना सांगितलं. चेष्टा होणार ही तयारी ठेवूनच.

"म्हणजे ‘श’चा ‘क’ केला की जन्मभराचे दरमहा हजार जातात," मास्तर म्हणाले. "असलं गणित मी वर्गात दिलं तर पालक भांडायला येतील."

"आता काय करू?"

"काय करता येतं?"

करता येण्यासारखं खूप होतं. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ हे तीन शब्द म्हणजे टाइम ऑफिसची छत्री. कितीही पाऊस येवो, ती उघडली की आपण कोरडे. ठेकेदार नाही, कांताबाई कोण ते कुणाला माहीत नाही, आणि एका बाईनं अकरा वर्षं म्हटली तर तिला पुरावा आणायला सांगता येतो. मी सव्वीस वर्षांत ही छत्री किती वेळा उघडली, ते मोजलेलं नाही. मोजायचं धाडसही नाही.

"चूक माझी आहे असं लेखी दिलं तर?" मी विचारलं.

"तर तुझ्या फायलीत शेरा येईल. उरलेल्या नोकरीत तो शेरा वाचणार कोण?" मास्तर ताट घेऊन उठले. मग स्वयंपाकघरातून म्हणाले, "आणि सुटे पैसे म्हणतो ते मी चेष्टेनं म्हणतो. हजार रुपये सुटे नसतात कुणाकुणाला."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी यादीतल्या अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, आप लिख के दे दो, मैं साइन करता हूँ. लेकिन पीएफवाले पूछेंगे, ये कांता और वो शांता एक ही औरत है, इसका प्रूफ क्या?"

प्रश्न रास्त होता. उद्या मीसुद्धा माझ्या मावसबहिणीला कांताबाई म्हणून उभी करू शकते. पुरावा एकच असू शकत होता: त्या बावीस महिन्यांचं पगाराचं रजिस्टर. पगार घेताना प्रत्येक बाई त्यात अंगठा करायची किंवा सही. ठेकेदाराचा पगार आमच्या व्हरांड्यातच वाटला जायचा, आणि गिरणीतर्फे साक्षीदार म्हणून मी पानाखाली सही करायची. त्यामुळे रजिस्टर आमच्याकडंच राहायचं.

राहायचं, म्हणजे ठरावीक वर्षं. नंतर दिवाळीच्या सफाईत जुनी रजिस्टरं बॉयलरमध्ये जाळायला पाठवायची, असा साहेबांच्याही आधीच्या साहेबांचा आदेश. तो मीच दरवर्षी इमानेइतबारे पाळत होते.

मी, गुलाबभाऊ आणि शांताबाई बॉयलरकडं गेलो. शांताबाई रोज येऊन बसत होत्या. कामावर असताना नव्हती इतकी हजेरी आता त्यांनी लावली होती. दुपारच्या डब्याची वेळ. दादाराव बॉयलरशेजारी आपल्या नेहमीच्या जागी बसून भाकरी मोडत होते.

"दादाराव, जुनी पगाराची रजिस्टरं पाठवली होती जाळायला. जळाली?"

"कोन्ते?"

"लाल कापडाच्या पाठीची, जाडजूड."

दादारावांनी घास थांबवला. "मॅडम, खरं सांगू का? रागावसान नाई ना?"

"सांगा तर."

"बारीक कागद जाळतो मी. लाल जाड रजिस्टरं जळत नाईत, नुसता धूर करतेत. म्हनून…" ते अर्धवट उठले. त्यांच्याखाली पोत्यानं झाकलेलं एक आसन होतं. पोतं काढलं, तर चार-चारच्या दोन थप्प्या, मध्ये सुतळीनं बांधलेल्या. लाल पाठीची आठ रजिस्टरं. "बसाले बम हाय. गरम बी राह्यते. एक माहं, एक गुलाबचं."

गुलाबभाऊ दुसऱ्या थप्पीवर टेकतच होते, ते तसेच अर्ध्यात उभे राहिले.

शांताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "इतके वर्सं कोनाच्या जिवावर बसून जेवत होते, पाह्यलं का?"

सुतळी सोडली. पहिल्या थप्पीत नव्हतं. गुलाबभाऊंच्या थप्पीत, सगळ्यात खाली होतं. वरच्यांच्या वजनानं त्याची पानं चिकटली होती आणि कोपऱ्याला भाजीचं तेल लागलं होतं. मी तिथंच, बॉयलरच्या उबेत, पान उघडलं. ओळ अकरा. डावीकडं माझ्या अक्षरात, पोटाळ्या ‘क’ची कांताबाई. आणि उजवीकडं सहीच्या रकान्यात, एकेक अक्षर कोरून, ओळीच्या बाहेर जाईल इतकी मोठी सही: शांता.

पुढचं पान. कांताबाई, आणि समोर शांता. त्याच्या पुढचं पान. बाकी पंधरा जणींचे निळे अंगठे आणि मध्ये ही एक सही. बावीस महिने, बावीस वेळा तिनं मला लिहून सांगितलं होतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, ‘तपासले’ असं लिहून, माझी झोकदार सही.

"साक्षरतेच्या वर्गात शिकली होती मी," शांताबाई म्हणाल्या. "नवीनच आलं होतं. बाकीच्या अंगठा दे, मले मजा ये लिहाची."

"मावशी, मी हे वाचलं कसं नाही?"

"तुमी पैसे वाचत होत्या ना ताई," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यामुळं जास्त लागला.

मी लेखी दिलं: नाव नोंदवण्यात व तपासण्यात चूक माझी. सोबत बावीस पानांच्या प्रती, तेलाच्या डागासकट. साहेबांनी सही केली. आणखी एक साक्षीदार असावा म्हणून दादारावांना विचारलं. त्यांनी जबानी स्वतः सांगितली आणि मी शब्दशः लिहून घेतली: "मी सदर गिरणीत तीस वर्षांपासून आहे. कांताबाई नावाची बाई गोदामात कधीही नव्हती. असती तर मला माहीत असती." मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढू या. ते म्हणाले, "नाई, थेच तं मुद्द्याचं हाय." घरी बायकोला मात्र सांगू नका म्हणाले.

पीएफच्या ऑफिसातून एकदा शंका आली, एकदा मूळ रजिस्टर मागवलं. ते मी स्वतः पिशवीत घालून नेलं आणि तिथल्या साहेबांसमोर उघडलं. त्यांनी भिंग काढलं नाही की काही नाही, नुसतं एकामागून एक पान उलटत गेले. दहाव्या पानावर हसले. माझ्याकडं पाहून म्हणाले, "तपासले?" मी खाली पाहिलं. पाच महिन्यांनी आदेश आला. कांताबाईचे बावीस महिने शांताबाईच्या खात्यात, एकूण नोकरी अकरा वर्षं, पेन्शन मंजूर.

दरम्यान गुलाबभाऊंचीही सुरू झाली होती, चार हजारांच्या आतली. ते मधूनमधून येतात. आदेश वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिले सीलिंग कावून नाई?"

"त्यांचा पगार सीलिंगच्या खालीच होता, भाऊ. जेवढा होता तेवढा सगळा धरला."

"म्हंजे हिचं पूरं धरलं, आनं माहं अर्धं सोडलं?"

"बापा," दादाराव म्हणाले, "तिचं वरचं काई निघत नाई. निघत असतं तं मी पयलेच रांगेत हाव."

माझं काय झालं? फायलीत शेरा आला. मास्तरांनी तो मागवून वाचला आणि व्याकरणाच्या दोन चुका काढल्या. आता मी नावं लिहून घेते तेव्हा माणसाला समोर बसवते, त्याच्याकडून त्याचं नाव त्याच्या हातानं लिहवून घेते, आणि मग वाचते. माझ्या टेबलाशी त्यामुळं रांग लागते. लोक कुरकुरतात. कुरकुरू द्यावं. जी छत्री मी आधी कितीतरी वेळा उघडली, तिच्याबाहेर आणखी किती कांताबाई भिजत उभ्या असतील, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या सगळ्यांच्या सह्या दादारावांच्या बुडाखाली नव्हत्या.

गेल्या नोव्हेंबरात शांताबाई पहिल्यांदा हयातीचा दाखला द्यायला आल्या. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, ते काम मी करून देते. आत एकट्याच आल्या होत्या. नवी हिरवी साडी, कानात फुलं. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, डोळ्यांची उघडझाप करा. त्यांनी ती इतक्या निश्चयानं केली की मोबाइलची खात्री एका फटक्यात पटली.

मग खुर्ची जरा पुढं ओढून हळूच म्हणाल्या, "ताई, एक इचारू? हे गेले तं यायच्या पेन्शनीतलं मले भेटन ना?"

"निम्मी मिळेल. आणि तुमची तुम्हाला आहेच, ती वेगळी."

"आनं मी गेली तं माही यायले?"

"हो, त्यांनाही मिळेल तुमच्यातली."

शांताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी गुलाबभाऊ एसटीची वाट पाहत, दादारावांशी तावातावानं काहीतरी भांडत उभे होते.

"मंग हे यायले सांगजा नोका," त्या म्हणाल्या. "उगंच आशा लागन."